गड्ड्यापुरती खोली

ता. ६ डिसेंबर १९२८

आबांनी माझंच वाक्य माझ्याच थोबाडावर मारलं! — "तूच म्हनलास की, दोन म्हैन्यांत वर्साचं भाडं सुटतं!"

म्हणालो होतो. कॉलेज अर्धवट टाकून आलो तेव्हा शिव्या चुकवायला काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. माझ्या वर्गात एकजण होता, त्याचा काका महाबळेश्वरला बंगले घेऊन ठेवतो, सीझनला साहेबलोकांना देतो. कडब्याच्या वखारीवर बसलेला माणूस ते ऐकून दिवाळीत तळ्याजवळचं घर विकत घेईल, हे मला काय ठाऊक!

आमचं महाबळेश्वर म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराची जत्रा, गड्डा. संक्रांतीला कानडी मुलखातून यात्रेला गाड्यांवर गाड्या येतात. खोल्या माणसांना, अंगण बैलांना, आणि कडबा आमच्याच वखारीतला. म्हणून आज आबा भाडेकऱ्याला सांगून आले — जानेवारीपुरतं घर मोकळं करा.

भाडेकरू म्हणजे वीरभद्रप्पा. चंद्रव्वाचा बाप!

ता. ७ डिसेंबर

खरं इथं तरी लिहावं. ते घर आबांना दाखवलं मीच. ती तिथं राहते म्हणून! घरमालकाचा पोरगा झालो की भाडं मागायला जाता येईल, माळवद गळतं का बघायला जाता येईल — एवढंच डोक्यात. पुण्याचं पाणी बाधलं असं घरी सांगितलंय. पाणी कसलं! सुट्टीत तिला पाहिल्यापासून तिथल्या पुस्तकातली एक ओळ डोक्यात शिरत नव्हती.

आणि आता माझ्याच अकलेनं तिला घराबाहेर काढतोय. गाढव! शंभरदा गाढव!

ता. ९ डिसेंबर

आबांबरोबर गेलो. वीरभद्रप्पा गिरणीतून नुकताच आलेला, कपड्यांवर कापूस तसाच.

"मालक, दरवर्षी आळंदहून पावणे येतेत की हो आमच्याकडं. देवाचं लगीन बघून जातेत. त्यांना काय सांगू?"

"भाडं द्या म्हनावं."

"पावण्याकडनं भाडं?" — आणि हसला! शिवी दिली असती तरी चाललं असतं.

आत चंद्रव्वा भाकरी थापत होती. थापायचा आवाज मध्येच थांबला. मी चपलेकडे बघत उभा. थू माझ्या जिण्यावर!

ता. २० डिसेंबर

गेले. शुक्रवार पेठेत, शरणम्माच्या भावाकडे — शरणम्मा म्हणजे तिची आई. एका खोलीत सात माणसं. हातगाडीवर ट्रंका, गाद्या, पाटा. पाटा उचलायला मी पुढं झालो.

"अण्णा, वाट सोडा," चंद्रव्वा म्हणाली.

दारात मीच आडवा उभा होतो.

अण्णा! कानडीत भावाला म्हणतात म्हणे. असेल. सोलापुरात सगळेच सगळ्यांना अण्णा म्हणतात!

ता. २१ डिसेंबर

आबांशी बोलत नाही. जेवलो नाही. आई दोनदा हाक मारून गेली.

ता. २८ डिसेंबर

घराला चुना लावून झाला. जमिनीवर कडबा, त्यावर चटया. आबा प्रत्येक खोलीत लोळून बघतात आणि म्हणतात, "लई मऊ." संताप येतो!

पण मी तोड काढली. अक्कलकोटच्या एका अडत्यानं मागच्या दोन खोल्या धरल्यात, असं सांगून आगाऊ भाडं आबांच्या हातावर ठेवलं. अडत्या कसला — माझी सायकल विकली.

"सायकल कुटं हाय रं, ज्ञानू?"

"दुरुस्तीला."

तसाच शुक्रवार पेठ गाठली. वीरभद्रप्पाला म्हटलं, पाहुणे नेहमीच्या जागीच उतरवा, भाड्याचं बोलायचं नाही. शरणम्मानं पदर डोळ्यांना लावला. आणि पाणी चंद्रव्वानं आणून दिलं — स्वतः! दोन तांबे प्यालो.

ता. १२ जानेवारी १९२९

आळंदची मंडळी आली. एक म्हातारा, बायका, आणि रेशमी पटक्यातला एक उंच गडी. चंद्रव्वा सकाळपासून स्वैपाकाला इथंच, आपल्या खोलीत! मी बैलांना कडबा टाकला, आडाचं पाणी ओढलं.

पटकेवाला म्हणाला, "तुमी मालक का गडी हो?" सगळे हसले. मीही हसलो. आत तीही हसली असावी.

तेवढ्यात आबा अंगणात. "अडत्या कुटं हाय तुजा?"

मग मात्र सुटलोच — "अंगण विका, आड विका, भिंतीची सावलीसुद्धा भाड्यानं द्या! माणसं येतात ती देवासाठी, तुमच्या चटयांसाठी नाही!" सगळी पंगत बघत राहिली. वाटलं, आता कानाखाली बसणार. आबा बैलाच्या पाठीवर हात फिरवत उभे राहिले आणि निघून गेले.

बसू दे राग! मला पर्वा नाही.

ता. १३ जानेवारी

देवाच्या लग्नाच्या अक्षता पडल्या. ही गर्दी! ती चार हातांवर उभी. माझ्या अक्षता कुठं पडल्या देव जाणे. यात्रा पांगली की वीरभद्रप्पाशी बोलणार. जात आडवी आणली तर त्याच्याशी भांडेन, आबांशी भांडेन. ठरलं!

ता. १७ जानेवारी

गाड्या जुंपल्या होत्या. म्हाताऱ्यानं माझ्या हातावर नारळ ठेवला.

"लई गुणाची खोली तुमची. पोराचं ठरलं हितं."

पोरगा म्हणजे पटकेवाला. कुणाशी ठरलं ते विचारावं लागलं नाही. ती दारात हिरव्या नव्या लुगड्यात उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून हसली. "अण्णांमुळं झालं," म्हणाली.

पटकेवाल्यानं मिठी मारली — "पुढल्या गड्ड्याला जोडीनं येतो. हीच खोली ठेवा, मालक!"

नारळ तळ्यात फेकला. बुडेना. तरंगत राहिला हरामखोर!

ता. १८ जानेवारी

सकाळी वखारीत गेलो तर माझी सायकल भिंतीला टेकून उभी. आबा पेंढ्या रचत होते. मागं वळले नाहीत.

"तुज्या अडत्याच्या भाड्यातनं परत घेतली. पावण्याकडनं कुनी भाडं घेतं व्हय?" पुढची पेंढी उचलत म्हणाले, "आन् आता पुन्याला जा. पानी बादायचं न्हाय आता."