फिरत्या पाटीवरून मावशीचे नाव काढल्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख,
नागरिक नोंदणी कक्ष,
उशिओझाकी नगर कार्यालय.

विषय : शेजारगटाची सूचनापाटी नऊ दिवस अडवल्याबद्दल खुलासा, आणि माझ्याकडून उलट मागणी.
संदर्भ : आपली दि. १० जूनची नोटीस.

महोदय,

गुप्त ठेवलेला पत्ता किती जणांना कळला म्हणजे तो गुप्त राहिला नाही, असे आपले कार्यालय मानते? हा प्रश्न आपल्याला लेखी विचारायची माझी छाती होणार नाही, अशी पैज माझ्या वर्गातल्या तिघींनी डब्याच्या सुट्टीत लावली आहे. मागच्या वर्षापर्यंत हजेरी देतानाही माझा आवाज फुटत नसे, त्यामुळे त्यांचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. तरी प्रश्न खरा आहे. उत्तर मिळावे.

१. माझी मावशी चिकागे फेब्रुवारीत नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून आमच्याकडे आली. न्यायालयाने त्या गृहस्थांना तिच्याजवळ फिरकायला मनाई केली आहे आणि आपल्या कक्षाने तिचा पत्ता कोणालाही न देण्याची नोंद केली आहे. त्याबद्दल आभार. (मी त्यांना काका म्हणणे बंद केले आहे. त्यासाठी आदेश लागला नाही.)

२. त्यानंतर आमचे गटप्रमुख त्सुबोई आजोबा यांनी घरोघर फिरणाऱ्या सूचनापाटीवर, कचऱ्याच्या वेळापत्रकाखाली, वेगळा कागद लावून असे लिहिले : "घर क्र. ६ मध्ये राहायला आलेल्या चिकागेबाईंचे स्वागत. त्या एकट्याच आहेत, सर्वांनी येणे-जाणे ठेवावे." शेजारी फूल काढले. मी विचारायला गेले तर म्हणाले, "अगं, नवं माणूस आलं की पाटीवर स्वागत लिहितातच. माझ्या आधीच्यानेही लिहिलं. नाही लिहिलं तर बरं दिसतं का?"

३. पाटीचा शेवटचा मुक्काम चौदाव्या घरी, म्हणजे न्हाव्याच्या दुकानात. पुढच्या फेरीपर्यंत ती तिथे आरशाशेजारी टांगलेली असते, आणि त्या गृहस्थांचा चुलतभाऊ महिन्यातून दोनदा तिथेच केस कापून घेतो. हे कळल्यावर मावशीने बॅग भरली. आईही हळूच म्हणाली, "दुसऱ्या गावी गेली तर तिच्याच भल्याचं आहे." तिच्या भल्यासाठी चार महिन्यांत दुसऱ्यांदा तिनेच घर सोडायचे आणि पाटी मात्र टांगलेली राहायची, हे मला पटले नाही.

४. नोटिशीसोबतच्या तक्रारीत 'पाटी चोरली' असे म्हटले आहे. ते चूक आहे. पाटी पाचव्या घरून आमच्याकडे रीतसर आली. पुढे गेली नाही, एवढेच. वेळापत्रक न कळल्याने त्या नऊ दिवसांत निम्म्या गल्लीने काचेच्या दिवशी प्लास्टिक बाहेर ठेवले, याचा मला खेद आहे. फार नाही, पण आहे.

५. दहाव्या दिवशी मी स्वागताचा कागद काढून माझा लावला आणि 'दुरुस्त प्रत' म्हणून पाटी पुन्हा पहिल्या घरापासून फिरवली. त्यात लिहिले होते की खाली शिक्का मारणारा (अ) घर क्र. ६ च्या पाहुणीबद्दल बाहेर बोलणार नाही. (ब) कोणी चौकशी केल्यास "आम्हाला काही माहीत नाही" म्हणेल. (क) आरडाओरडा ऐकू आल्यास टीव्हीचा आवाज न वाढवता पोलिसांना फोन करेल. (ड) येत्या रविवारी सकाळी सात वाजता घर क्र. ६ चे गवत काढायला येईल. न्हाव्याकडे पाटी मी स्वतः नेली, समोर उभी राहून शिक्का घेतला आणि कागद परत आणला. आमच्याकडे पाटी वाचत नाहीत, 'वाचली' म्हणून तिच्यावर घराचा शिक्का मारतात. तेराही घरांचे शिक्के आले. त्सुबोई आजोबांचे दोन.

६. कलम (ड) कोण वाचतो ते पाहण्यासाठी होते. रविवारी एकच व्यक्ती आली : घर क्र. ११ च्या फुनाकी आजी, वय ८१, हातात विळा. "कलम ड," त्या म्हणाल्या. "कुठाय गवत?" गवत फारसे नव्हते. त्यांनी तेही काढले आणि सोबत आईने लावलेली कांद्याची पातही. मग मान वर न करता मावशीला म्हणाल्या, "माझं मागचं दार उघडंच असतं. कुत्रा बायकांवर भुंकत नाही. तुझ्या वयात मला असं दार नव्हतं गं." मावशीने बॅग अजून रिकामी केलेली नाही, पण दात घासायचा ब्रश बाहेर आला आहे.

७. सबब, माझ्यावरची नोटीस मागे घ्यावी. नव्या माणसाला विचारल्याशिवाय त्याचे नाव पाटीवर लिहू नये, असे सर्व गटप्रमुखांना लेखी कळवावे. आणि सोबतची तेरा वचने ज्याची त्याला पाळायला लावावीत. 'वाचले नव्हते' ही सबब आमच्या शाळेत चालत नाही, तर आपल्या कार्यालयात तरी का चालावी?

८. गटप्रमुखपद घरांमधून पाळीने फिरते. पुढच्या वर्षीची पाळी आमची, आणि आई-बाबा दोघेही ती टाळायला कारणे शोधत होते. आज सकाळी मिसोचे सूप निवायच्या आत मी त्यांना सांगितले, "मावशी कुठेही जाणार नाही. आणि पाळी टाळायची नाही. पुढच्या वर्षी आपल्या घरची पाटी मी लिहिणार."

प्रत्येक कलम वाचून मगच सही करणारी,
हिराइवा सुझुने
(उच्च माध्यमिक, दुसरे वर्ष)
दि. १८ जून

सोबत : १) तेरा घरांच्या चौदा शिक्क्यांचा कागद.
२) स्वागताचा मूळ कागद, नाव कापून. फूल चांगले जमले होते, ते ठेवले आहे.