क्यूवरची निळी भुकटी

३ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. आम्ही दोघं बरे आहोत. काकूचा गुडघा दुखतो, पण माझी बडबड तिला त्याहून जास्त दुखते, असं तिचं म्हणणं आहे. तुमच्याकडे सगळं ठीक असेल असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. विचारायचा हक्क मला किती उरला आहे, ते ठाऊक नाही.

आता सरळच विचारतो. हे पत्र तुला कुणी लिहायला लावलं?

राग मानू नकोस. तुझ्या बाबाने आणि मी बारा वर्षांत एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. तू तेव्हा सात वर्षांची होतीस, पुढचे दोन दात पडलेले. आणि आज एकदम पत्र येतं: काका, मला माझी पहिली स्नूकरची क्यू, स्वतःची खेळायची काठी, घ्यायची आहे, कशी निवडू? कॉलेजजवळच्या क्लबात वर्षभर खेळतेस म्हणतेस. बाबांना माहीत नाही म्हणतेस, त्यांना कळू देऊ नका असंही बजावतेस. माझा पत्ता जुन्या वहीत सापडला, हे तर फारच सोयीचं झालं. माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. पत्र तीनदा वाचलं. तुझ्या ‘र’ची शेपटी थेट तुझ्या बाबासारखी आहे, हे काकूला दाखवलं. ती म्हणाली, "बापाची मुलगी आहे. तिचं अक्षर काय पोस्टमनसारखं येणार?"

काकू अशीच आहे. तिच्या मते मी आरशासमोर उभा राहिलो तरी आतल्या माणसाकडे ओळखपत्र मागेन.

तर, कुणी का विचारेना, प्रश्न धंद्याचा आहे आणि चाळीस वर्षं मी तेच करतो आहे. टेबलांची कापडं बदलतो, क्यू दुरुस्त करतो. उत्तर देणं भाग आहे. ऐक.

दुकानात जाण्याआधी क्लबातल्या स्टँडकडे बघ. तिथल्या डझनभर क्यूंपैकी तुझा हात न सांगता कुठल्या एकीकडे जातो? ती वजनकाट्यावर घाल, लांबी मोज. तुझी क्यू साधारण तशीच असायला हवी. उभी धरलीस की टोक खांदा आणि हनुवटी यांच्यामध्ये कुठेतरी यावं. वजन सतरा-अठरा औंस, त्याहून जड नको. जड क्यूने जोर येतो असं सांगणारे पुष्कळ भेटतील, त्यांचा खेळ आधी बघून घे. लाकूड अ‍ॅशचं घे, त्यावरच्या बाणासारख्या रेषा रोज एकाच बाजूला ठेवून धरता येतात, म्हणजे हात रोज तोच राहतो. मेपलही चांगलं, पण ते गुळगुळीत असतं, तुला काही सांगत नाही. मुठीवरच्या नक्षीला भुलू नकोस. दुकानदार नक्षीच विकतो.

क्यूच्या टोकावर चिकटवलेल्या कातड्याच्या टिपेचं पुढे कधीतरी लिहीन.

बाबाला हे पत्र दाखवत असशील, तर मला ते कळेल एवढं लक्षात ठेव.

तुझा काका


१९ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं. "मला कुणीही लिहायला लावलेलं नाही" हे वाक्य तू दोनदा खाली रेघ मारून लिहिलं आहेस. खरं बोलणारा माणूस एकच रेघ मारतो, असं मी म्हणालो. काकूने पत्र माझ्या हातातून काढून घेतलं आणि चष्मा पुसून परत दिलं. "आता वाचा," म्हणाली, "पोरगी दुखावली आहे."

दुखावली असशील तर चूक माझी. बरं, कामाचं बोलू.

दुकानात तू तीन क्यू टेबलावर घरंगळत सोडल्यास आणि तिन्ही टक-टक उड्या मारत गेल्या, म्हणून तिन्ही वाकड्या ठरवल्यास. दुकानदार हसला. हसणारच. स्नूकरच्या क्यूला मुठीच्या शेवटी एक बाजू सपाट तासलेली असते. प्रत्येक फेरीला ती तिथे ठेचकाळते. मूठ टेबलाच्या कडेबाहेर ठेव, फक्त दांडा फिरव आणि दांडा नि टेबल यांच्यामधल्या फटीत उजेड लहान-मोठा होतो का ते बघ. मग एक डोळा मिटून मुठीकडून टोकापर्यंत नजर टाक. या दोन्हींत पास झाली ती घे. अ‍ॅशची, तीन-चतुर्थांश लांबीवर जोड असलेली, दोन तुकड्यांत उघडणारी, ती तुझ्या हाताला बसली म्हणतेस. मग आणखी शोधू नकोस. दुकानदार महिनाभर बाजूला ठेवायला तयार आहे हेही बरं झालं, जरी मला त्याचा चांगुलपणा समजला नाही.

आता निगा. खेळून झालं की ओलसर फडक्याने दांडा पूस, लगेच कोरड्याने पूस. घामाने लाकूड चिकट होतं. पॉलिश पेपर दांड्याला लावायचा नाही, कुणी कितीही शहाणा सांगो. दांडा दरवेळी केसभर बारीक होतो आणि एक दिवस तो तुझा राहत नाही. जवसाच्या तेलाचे दोन थेंब, वर्षातून दोनदा, तळहाताने जिरवायचे. भिंतीला तिरकी टेकवून ठेवायची नाही. उन्हात उभ्या गाडीत ठेवायची नाही.

आणि कपाटामागे तर मुळीच नाही. तू तिथे लपवणार आहेस, कारण बाबाला घरात क्यू दिसायला नको. चिमणे, कपाटामागची भिंत थंड असते, ओल धरते. सहा महिन्यांत ती क्यू धनुष्य होईल. लाकडाला मोकळी, कोरडी, सगळ्यांच्या नजरेसमोरची जागा लागते. लपवून ठेवायची असेल तर घेऊच नकोस. हे मी काका म्हणून सांगत नाही, कारागीर म्हणून सांगतो.

आता तुझा शेवटचा प्रश्न. त्यावर मी चार दिवस विचार करत बसलो आहे. "दुसऱ्या कुणी आपली क्यू वापरली तर आपल्याला कळतं का?"

हे तुला कुणी शिकवलं?

इतकी वर्षं कुणी मला हा प्रश्न विचारला नाही. आणि तू, त्याची मुलगी, पहिली क्यू घेण्याआधीच विचारतेस! इथे काहीतरी पाणी मुरतंय. बाबा तुझ्या खांद्याशी उभा राहून सांगतोय का? असेल तर त्याला म्हणावं, स्वतः लिही. मी पत्र न फोडता परत पाठवणार नाही.

टिपेचंही पुन्हा विचारलं आहेस. कुणाही कारागिराकडून बसवून घे. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

काका


६ मार्च

चि. चिमणीस,

तुझं पत्र एक पानाचं होतं आणि त्या एका पानात तू माझी चांगलीच खरडपट्टी काढलीस. क्लबातली मैत्रीण न विचारता वस्तू उचलते, म्हणून तू तो प्रश्न विचारलास. एवढंच होतं. "तुम्हाला सगळीकडे बाबाच का दिसतात?" असं लिहिलंस. पुढे लिहिलंस, की टीव्हीवर स्नूकर लागलं की बाबा उठतो आणि बाल्कनीत जाऊन उभा राहतो, खेळ संपेपर्यंत. आता तुम्ही संशय घेणार असाल तर मी पुन्हा लिहिणार नाही, हे शेवटचं वाक्य.

तो बाल्कनीत जाऊन उभा राहतो, हे मला माहीत नव्हतं.

तुला खरं सांगतो. बाबानेच तुला लिहायला लावलं असेल असा मला संशय होता, आणि तसंच असावं अशी माझी मनापासून इच्छाही होती. तसं नाही हे वाचून मी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि रडलो. काकू डबा घेऊन आली, तिने बघितलं आणि डबा ठेवून दार पुन्हा लोटून घेतलं.

आता टिपेचं लिहितो. दोन पत्रं टाळत आलो.

बारा वर्षांपूर्वी आमच्या क्लबात स्पर्धा होती. तुझा बाबा उपांत्य फेरीत पोचला होता. त्याच्याकडे स्वतःची क्यू नव्हती. तो पुलापलीकडच्या हॉलमध्ये सराव करायचा, तिथल्याच क्यूने. स्पर्धा झाली की त्याची पहिली क्यू आम्ही दोघं मिळून निवडणार होतो. मी दोन-तीन बघूनही ठेवल्या होत्या. माझी स्वतःची क्यू मात्र मी कुणाला हात लावू देत नसे, त्यालाही नाही. कुलपाच्या पेटीत असायची, आणि किल्ली कुठे असते हे फक्त त्याला माहीत होतं.

सामन्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी पेटी उघडली, क्यू पांढऱ्या फडक्याने पुसली. फडक्यावर निळी भुकटी आली. आमच्या क्लबात टिपेला घासायचा चॉक हिरवा. पुलापलीकडच्या हॉलमध्ये निळा. मला आणखी कुठला पुरावा हवा होता? मी भरलेल्या हॉलमध्ये, सगळी टेबलं चालू असताना, ते फडकं त्याच्या तोंडासमोर धरलं. "चोरून वापरलीस," म्हणालो. तो म्हणाला, "दादा, मी हात लावला नाही. शपथ घेऊ का?" मी म्हणालो, "तुझ्या शपथेची किंमत मला माहीत आहे." माझ्या जिभेला काही हाड आहे का? तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी सामन्याला आला नाही. महिन्याभरात तुम्ही घर बदललंत.

तीन आठवड्यांनी एक गिऱ्हाईक टिप बदलायला आलं. मी नव्या डबीतली टिप बसवली, कानस फिरवली आणि तळहातावर निळी भुकटी पडली. चॉक कुठेच नव्हता. त्या डबीतल्या टिपा वरून काळपट दिसायच्या, पण कातडं आतून निळं रंगवलेलं होतं. माझ्या क्यूची टिपही मी त्याच डबीतून बदलली होती, त्या सामन्याच्या दोनच दिवस आधी, माझ्याच हाताने, रात्री घाईत, भुकटीकडे न बघता. दुसऱ्या कुणी ही चूक केली असती तर चालली असती. आयुष्यभर टिपा बसवणाऱ्याने करावी?

गिऱ्हाईक म्हणालं, "काय हो, रंग उतरतो वाटतं?" मी म्हणालो, "नवीन माल आहे." ते गेल्यावर उरलेली डबी मी कचऱ्यात टाकली. मी त्याला पत्र लिहिलं नाही. आधी म्हटलं, तो येईल तेव्हा सांगू. मग म्हटलं, आता फार उशीर झाला. पुढे पुढे तर मी त्याच्यात खोट शोधायला लागलो, म्हणजे माझी झाकली जाईल. काकूलाही मी हे कालपर्यंत सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? ज्याला सांगायचं त्याला सांगा."

म्हणून सोबत एक वेगळा कागद घडी घालून ठेवला आहे. तो बाबासाठी आहे. पण तो दिलास तर तुझं क्लबात जाणंही उघडं पडेल, आणि ते गुपित तुझं आहे, माझं नाही. द्यायचा की नाही ते तू ठरव. नाही दिलास तरी मी तुझ्यावर रागावणार नाही. उलट, मी या वेळी शंकासुद्धा घेणार नाही.

तुझ्या वाट्याला आलेला,
काका


(सोबतचा कागद)

धाकट्या,

तू माझ्या क्यूला हात लावला नव्हतास. भुकटी चॉकची नव्हती, मीच बसवलेल्या टिपेची होती. हे मला बारा वर्षांपासून माहीत आहे. सगळ्या हॉलसमोर मी तुला चोर म्हणालो आणि खरं कळल्यावर घरात लपून बसलो. आज क्लबात गेलो. त्या दिवशी हजर असलेले चौघे अजून तिथे खेळतात. चौघांना टेबलापाशी बोलावून हे सगळं मोठ्याने सांगितलं. बाकीच्यांनीही खेळ थांबवून ऐकलं. तुझा सामना मला परत आणता येणार नाही.

माफ कर असं लिहायला हात धजत नाही. केलंस तर तुझा मोठेपणा.

एक मागणं आहे, माझ्यासाठी नाही. तुझी मुलगी खेळते. चांगली खेळत असावी, कारण तिचे प्रश्न चांगले आहेत. तिने दुकानात एक क्यू बाजूला ठेवायला सांगितली आहे. मी न बघताच हो म्हणालो आहे, पण क्यूची पारख करायला नजर तुझी हवी. माझ्यापेक्षा ती नेहमीच चांगली होती, हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. पोरीबरोबर जा. तिला ती क्यू घरात उघड्यावर ठेवू दे. आणि बाल्कनीत जाऊ नकोस रे, आत बस.

तुझा दादा