दादाची जावा

३ फेब्रुवारी, सोमवार

झालं! साहेबांनी घोंगडं माझ्याच गळ्यात टाकलं. आमची रुग्णवाहिकांची प्रणाली — फोन आला की जवळची गाडी शोधून तिला निरोप देणारी — आता नव्यानं लिहायची आहे. जुनी जावा या भाषेत आहे. नवीही जावातच लिहायची, की पायथनमध्ये? "टीमची प्रमुख तू. तूच ठरव." आणि जाता जाता हळूच — "दादाला दुखवू नकोस."

म्हणे दुखवू नकोस! जुनी प्रणाली दादानंच लिहिली. मला प्रोग्रामिंगही त्यानंच शिकवलं, तेही जावातून. आता सख्खा मोठा भाऊ ऑफिसात माझ्या हाताखाली, आणि त्याच्या घरी गेले की मी त्याच्या हाताखाली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

बैठक झाली. मी म्हटलं, पायथन. निम्म्या ओळींत काम होतं. कोणत्या भागात कधी किती गाड्या लागतील याचा अंदाज बांधायची तयार साधनं सगळी तिकडेच. आणि नवीन येणारी मुलं पायथनच शिकून येतात.

दादा म्हणाला, "कमी ओळी म्हणजे कमी चुका, असं तुला कुणी सांगितलं? आकड्याच्या जागी अक्षरं भरलीस तर जावा चालायच्या आधीच कान धरते. तुझी पायथन गोड हसते आणि ऐन वेळी तोंडघशी पाडते."

सगळे हसले. मीही. मुद्दा बरोबर होता त्याचा.

शेवटी ठरलं — जवळची गाडी शोधायचा तेवढा भाग दोघांनी लिहायचा. त्यानं जावात, मी पायथनमध्ये. मग बघू.

६ फेब्रुवारी, गुरुवार

नवी मुलगी रुजू झाली. जन्मापासून अंध. पडद्यावरचं सगळं तिचा संगणक तिला वाचून दाखवतो — इतक्या भरभर की मला एक शब्द कळेल तर शपथ! ती स्वतःला रेडिओ म्हणवते. "तुम्ही पाठीमागे नाव ठेवणारच. मीच ठेवून टाकलं."

दादानं लगेच मला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे तिच्या टेबलाशीच! "पायथनमध्ये ओळ किती आत सरकवली यावर अर्थ ठरतो. नुसती मोकळी जागा! ती हिनं ऐकायची कशी? जावात कंस असतात. उघडला, मिटला — ऐकू येतं. तिचा तरी विचार कर."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

रेडिओ मागे न वळता म्हणाली, "दादा, माझ्या नावावर तुमची जावा खपवू नका हं!"

मग तिनं हेडफोन माझ्या कानाला लावला. ओळ जितकी आत, तितका सूर चढा. जिना चढल्यासारखं! कॉलेजपासून ती पायथनच लिहितेय म्हणे. दादालाही म्हटलं, ऐक. त्यानं घेतला, आणि बराच वेळ परतच देईना. खोट शोधत असणार, दुसरं काय.

१० फेब्रुवारी, सोमवार

माझा भाग तयार. दादाचा अजून चाललाय. जावाच लांबलचक, त्याला काय बोल लावणार. माझा कोड दाखवला तर म्हणाला, "नंतर बघतो." बघितला नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

चाचणी. सकाळी माझी पायथन उताणी पडली. एका फोनच्या नोंदीत घर क्रमांकाच्या जागी कुणीतरी आकडा न लिहिता अक्षरी "दहा" लिहिलं होतं. प्रोग्राम तिथेच ठप्प. दादा नुसता बघत राहिला. "म्हटलं नव्हतं?" असं तोंडानं म्हणायचीही गरज नव्हती.

दुपारी त्याची जावा पडली! एका नोंदीत पत्ताच नव्हता, आणि रिकाम्या जागेपुढे जावानंही हात टेकले.

रेडिओ म्हणाली, "एकूण काय, पेशंट दोघींनीही ताटकळत ठेवला." हसून हसून पोट दुखलं. दादा मात्र उठून गॅलरीत गेला.

खरं सांगायचं तर वेगात जावा पुढे. पण फरक डोळ्याची पापणी लवेल इतकाही नाही; ड्रायव्हरला बूट चढवायला त्याहून जास्त वेळ लागतो. चुका आधी पकडायची सोय पायथनलाही जोडता येते. मी ते दादाला म्हटलं. तो म्हणाला, "इतकं सगळं जोडायचंच आहे, तर मग जावा काय वाईट?"



१४ फेब्रुवारी, शुक्रवार

साहेब टेबलाशी घुटमळून गेले. अजून नाही ठरलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सांगून टाकलं — पायथन. अंदाजाचं काम पुढे वाढतच जाणार, आणि त्याला जावा पुरी पडणार नाही. जावा वाईट म्हणून नव्हे, हेही बजावून सांगितलं.

दादा म्हणाला, "मग जुना भाग तसाच ठेवा. मी सांभाळतो."

"एका घरात दोन चुली कशाला? तू शिकशील की! महिनाभरात माझ्या पुढे जाशील."

"नाही शिकणार."

लहान मुलासारखं! मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर म्हणाले, "हा नुसता हट्ट आहे, दादा."

त्यानं संगणक बंद केला आणि घरी निघून गेला. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दादानं नोकरी सोडली. मला नाही, थेट साहेबांना सांगितलं. नव्या भाषेत काम करायची इच्छा नाही म्हणे!

आईचा फोन — "भाषेवरून कुणी भावंडं भांडतात का गं? घरी तर एकच भाषा बोलता ना तुम्ही?" तिला काय कपाळ समजावून सांगू!

२० फेब्रुवारी, गुरुवार

रागही येतो, रडूही. रेडिओनं विचारलं, "दादा कुठेत? ते रोज जेवणाच्या सुट्टीत येऊन माझ्या शेजारी बसायचे. सूर ऐकत." मला पत्ताच नाही! अजून चुका काढत होता की काय? उद्या नाही तर परवा त्याच्या घरी जाऊन खडसावणार आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

भांडायला म्हणून गेले. वहिनीनं दार उघडलं आणि माझा हातच धरला. "बरं झालं आलीस. वर्षभर एकटेच सोसतायत. पडद्यावरचं आता जवळजवळ काहीच दिसत नाही त्यांना, डॉक्टरांनीही हात टेकले. जुनं काम बोटांना पाठ होतं म्हणून निभलं. तुला काय कारण सांगितलं त्यांनी?"

मी म्हटलं — जावा.