जावयाचं टेशन

४ जानेवारी १९६४
वरून पत्र आलं. डिसेंबरात या स्टेशनावर तिकिटं खपली सात! सात!! या महिन्यातही हेच राहिलं तर स्टेशन बंद, मास्तरची बदली.

गाडीत रोज पन्नास माणसं चढतात. पण मी पडलो गावाचा जावई! खिडकीत येणारं प्रत्येक तोंड सासरचं — चुलतसासरे, मामेसासरे, आजेसासू. आधी बाहेर येऊन पाया पडायचं, मग म्हणायचं, तिकीट काढा? जीभच उचलत नाही. ती सात तिकिटंही बाहेरगावच्या कासारांची.

५ जानेवारी
कोकिळेला सांगितलं. बायको आधी पोट धरून हसली. बदली म्हटल्यावर मटकन खाली बसली. सातवा महिना चालू आहे, माहेर दोन गल्ल्या पलीकडे. "मी नाही जात कुठी," म्हणाली आणि रडायलाच लागली. मलाही भरून आलं.

६ जानेवारी
तिनं बापाच्या कानावर घातलं. सासरे, पंजाबराव, भडकले. "लेक देल्ली, आता गाडीत बसाचे पैशेबी देऊ काय बे?"
मला 'बे' म्हणाले! जावयाला!

९ जानेवारी
सासरे निवळले. सोळाला तपासणीचे साहेब येणार. गावात दवंडी — सोळाला घरटी एक तिकीट!

१६ जानेवारी
त्र्याऐंशी तिकिटं! तारखेचा शिक्का मारून मारून खांदा गेला. साहेब गाडीतून उतरले, गर्दी पाहून खूश. गाडीनं शिटी दिली — आणि एक माणूस चढेना! रोजचे जाणारेसुद्धा साहेब पाहायला फलाटावरच.
"अरे, चढा की!" साहेब.
"कुठी जाऊ?" सासरे म्हणाले. "घरी म्हैस व्याले आली हाये. आमी तं टेशन वाचवाले आलो."
साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहीत होते.

१७ जानेवारी
सासरे सकाळीच हजर. "साहेबाले चढनंच पाह्यजे ना? उद्या अख्खा गाव चढते!" अर्ज घेऊन थेट मोठ्या ऑफिसात. तेही जाण्यायेण्याची तिकिटं काढून! मानलं बुवा.

१८ जानेवारी
सकाळच्या गाडीनं गाव गेला. भाकरी बांधून, म्हाताऱ्याकोताऱ्या, पोरंसोरं, सगळे. मागे मी, कोकिळा आणि कुत्री.

दुपारी तार. स्टेशन आजपासून बंद! संध्याकाळची गाडी थांबवायची नाही, हिरवी झेंडी दाखवायची. थांबवली तर नोकरी जाईल, हेही स्पष्ट.

अरे देवा! त्याच गाडीत अख्खा गाव परत येणार! पुढचं स्टेशन अकरा मैल. आजेसासू मनकर्णाबाई ऐंशीच्या, गुडघे गेलेले. त्यात ही थंडी. चालत कशा येतील?

कोकिळेला तार वाचून दाखवली. म्हणाली, "झेंडी तुमच्या हाती हाये. मी काय सांगू?" आणि चुलीकडे वळली. रागच आला मला. निदान रड तरी!

शिटी ऐकू येते. जातो.

१९ जानेवारी
लाल दाखवली.
गार्ड ओरडला, "काऊन लाल?" म्हटलं, "गाडीत सासरे हायेत!" अख्खा गाव उतरला. माझी नोकरी गेली, म्हणजे बदलीही गेली — आणि मला, बापा, हसूच येऊन राह्यलं!