ब्लोअरच्या जागी नळी

६ जानेवारी

शटर खाली होतं. पूर्ण खाली.

चष्म्याच्या दुकानात आज गिऱ्हाईक नव्हतं, मालक म्हणाले जा घरी. गल्लीच्या तोंडाशीच ते किंचाळणं ऐकू आलं. गाडीच्या हीटरचा ब्लोअर. महिनोन् महिने असाच ओरडतोय. म्हणजे नाना गाडीत बसलेत, एवढंच मनात आलं. मग दिसलं — इंजिन चालू आणि गॅरेजचं शटर बंद!

दोन्ही हातांनी वर ढकललं. धूर. नाना आत, मफलर गुंडाळून, डोळे मिटलेले. चालवणाऱ्याच्या सीटवर नाही, शेजारच्या. त्यांचा मुलगा, माझा नवरा, गाडी चालवायचा तेव्हाही सासरेबुवांची जागा तीच.

दंडाला धरून बाहेर काढलं. खूप खोकले. मग म्हणाले, "गार वारा येतो गं खालून. म्हणून ओढलं."

"नाना, असल्या धुरानं माणूस जातो."

"हो का," म्हणाले. दूध नासलंय असं मी सांगितल्यासारखं.

इंजिन मीच बंद केलं, किल्ली काढून घेतली.

७ जानेवारी

किल्ली पर्समध्ये घालून दुकानात नेली. दिवसभर चष्म्यांचे बारीक स्क्रू पिळत होते आणि मनात किल्ली.

संध्याकाळी नाना घरभर शोधत होते. उशीखाली, चपलांच्या कपाटात, फ्रिजवर. "किल्ली दिसत नाही कुठे?"

"मिस्त्रींना दिलीय. ब्लोअर काढायचाय, फार ओरडतो." चक्क थाप. आणि मग थाप खरी करायला मिस्त्रींना फोन केला.

९ जानेवारी

मिस्त्री आले. ही दोन सीटची जुनी गाडी त्यांनी आणि यानं मिळून उभी केली, सुट्टीच्या दिवसांत, वर्षानुवर्षं. गॅरेजमध्ये शिरताना ते जरा थबकले. हा गेल्यापासून पहिल्यांदाच आले होते.

इंजिन मागे असतं हे मला एवढ्या वर्षांनी नीट कळलं. मागचं झाकण उघडलं, डाव्या अंगाला ब्लोअर — ढोलक्यासारखा, दोन बाजूंना जाड नळ्या. इंजिनाच्या उष्णतेवरून हवा ढकलायची आणि पुढे पायांपर्यंत पोचवायची, हे त्याचं काम.

"बेअरिंग गेलंय वहिनी. ओरडेल नाही तर काय करेल बिचारा."

नाना दारात उभे होते. मिस्त्री मान वर न करता म्हणाले, "नाना, टॉर्च धरा जरा." आणि नाना सरळ जाऊन वाकले. टॉर्च बरोबर हवा तिथे. मुलासाठी हेच तर करायचे. पान्याला कधी हात लावला नाही, पण उजेड त्यांचा.

ब्लोअर निघाला. आत उंदरानं घर केलं होतं. वाळकी पानं, सुतळी, आणि कुरतडलेला निळा मोजा.

"हा साहेबांचाच! वर्षभर शोधत होते, मलाही विचारलं होतं." मिस्त्री हसले. नानाही हसले. मग टॉर्च माझ्या हातात देऊन आत निघून गेले.

जाताना मिस्त्री बजावून गेले — "हे भोक असं उघडं असेपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही. धूर थेट आत येईल."

"नाही करणार," म्हटलं. काय हलकं वाटलं. नादुरुस्त गाडीचा इतका आधार कुणाला वाटला असेल?

१२ जानेवारी

मिस्त्रींचा फोन. दोन वाटा आहेत. बेअरिंग नवीन टाकून तोच ब्लोअर परत बसवायचा. किंवा ब्लोअरच्या जागी नुसती वाकडी नळी टाकायची, इंजिनाचा स्वतःचा पंखा आहे तो हवा ढकलेल. आवाज नाही, कटकट नाही. फक्त गाडी उभी असताना ऊब मिळणार नाही. पळाली तरच.

"माझं विचाराल तर ओरिजिनल ठेवा. साहेबांनी मला हाकललं असतं नळीचं नाव काढल्यावर."

विचार करून सांगते म्हटलं. सांगायचंच नाहीये. दुरुस्ती अशीच पडून राहू दे.

१५ जानेवारी

आजही फोन केला नाही.

१७ जानेवारी

नणंदेचा फोन. आम्ही सगळे तिला ताईच म्हणतो. "वहिनी, ती गाडी विकून मोकळी हो. आणि नानांना इकडे पाठव. तू एकटीनं का म्हणून ओढायचं?"

"ओढत नाहीये गं. आहोत दोघं."

"तुझा आवाज असा का येतोय?"

"सर्दी झालीय."

शटरचं तिला सांगितलं नाही. सांगितलं तर ती उद्याच्या उद्या येईल आणि त्यांना घेऊन जाईल. बरोबरच करेल. मग या घरात मी एकटी, आणि बोलायला कुणी नाही.

पण खरं कारण हेही नाही. सांगायचं तर शब्द वापरावा लागेल, आणि तो शब्द मी इथेसुद्धा लिहीत नाहीये. थंडी होती. त्यांनी सांगितलं ना, थंडी होती म्हणून. थंडीच असू दे.

२० जानेवारी

"दुरुस्ती अजून किती चालायची?" जेवताना विचारलं त्यांनी.

"पार्ट मिळत नाहीये."

"तो कुठूनही मिळवायचा."

पुढे दोघंही नुसते चिवडत बसलो. ताटात भात गार झाला. ते हल्ली अर्धंच खातात. दाढी वाढलीय. खिडकीतून गॅरेजकडे बघत बसतात, आणि मी दुकानातून दर तासाला काहीतरी निमित्त काढून फोन करते. दूधवाला आला का? गॅस बंद केलात का? त्यांना कळत नसेल का?

गाडी बंद ठेवून मी त्यांना वाचवतेय असं वाटत होतं. आज त्यांच्याकडे बघून तसं वाटलं नाही.

२३ जानेवारी

नळी टाकली.

मिस्त्री नाखूश. "बघा हं वहिनी, पुन्हा विचार करा." केला म्हटलं. उभ्या गाडीत बसून मिळणारी ऊब मला नको होती, पण हे त्यांना कसं सांगणार?

नानांनी टॉर्च धरला. नळी बसली, दोन्ही टोकांना पट्ट्या आवळल्या, ब्लोअरची तुटकी वायर टेप लावून बाजूला बांधली. शटर पूर्ण वर ठेवून गाडी सुरू केली. किती शांत! ते किंचाळणं गेलं तर गॅरेज एकदम परक्याचं वाटलं.

नाना शेजारच्या सीटवर बसले. पायांपाशी हात धरला. धरून राहिले.

"गार आहे."

"उभ्या उभ्या अशीच राहणार नाना. पळवली की गरम."

"मला कुठे चालवता येते," म्हणाले आणि उतरले.

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मी ब्लोअर वर्तमानपत्रात गुंडाळत बसले.

२४ जानेवारी

नाना खोलीतून बाहेर आले नाहीत. चहा दाराशी गार झाला.

२६ जानेवारी

आज दार न वाजवता आत गेले. भिंतीकडे तोंड करून पडलेले.

"चला, चक्कर मारून येऊ. मी चालवते."

"तू? ती गाडी?"

"का? दुकानाची व्हॅन चालवतेच की."

"त्यानं तुला कधी दिली नाही ती."

"त्यानं कुणालाच दिली नाही. मिस्त्रींनाही नाही."

यावर हसतील असं वाटलं होतं. पांघरूण ओढून घेतलं फक्त. मी पलंगाच्या कडेला बसून राहिले. पाठ दिसत होती, बारीक झालेली. हात ठेवावा असं फार वाटलं. सून म्हणून इतक्या वर्षांत कधी ठेवला नव्हता. आज ठेवला. त्यांनी काढून टाकला नाही.

२९ जानेवारी

सकाळी दाढी करून, मफलर बांधून स्वतःच गाडीत येऊन बसले. मी भीतभीतच काढली, दोनदा बंद पाडली. गावाबाहेर पडल्यावर वेग आला, आणि पायांपाशी ऊब यायला लागली.

नानांनी मफलर सैल केला. मग समोर रस्त्याकडे बघत म्हणाले, "शटर मी थंडीसाठी नव्हतं ओढलं."

मी गिअर बदलला.

पुढे फाटा आला. म्हणाले, "डावीकडे घे. तिकडून लांब पडतं. पडू दे."