बंद ठेवलेली वाट

सुवा, गुरुवार, १७ ऑक्टोबर

प्रिय भाचेबुवा,

म्हणजे माझ्या बाबांचे भाचेबुवा. माझा तू नुसता आतेभाऊ, कुकी. तोंड वाकडं करू नकोस, पुढे वाच.

आम्ही इकडे ठीक. सुव्यात आज चक्क ऊन पडलंय, त्यामुळे वसतिगृहाच्या कठड्यावर सगळ्या पोरींचे कमरेचे सुलू वाळत घातलेत आणि कोणाचा कुठला यावरून सकाळीच दोन भांडणं झाली. पत्र घेऊन आलेली सालोते माझ्या खोलीतली. तिची मावशी नौसोरीत तुमच्याच गल्लीत राहते. तिला दारातून परत पाठवू नकोस, बसमधून उभ्याने आली असेल. आत्याने कसावा उकडला असेल तर दे.

पत्र का, तर तू फोन उचलत नाहीस. मेसेजवर निळ्या खुणा उमटतात आणि पुढे चिडीचूप. सोमवारी मुनसामी सरांच्या खोलीतून बाहेर पडलास तो माझ्या अंगावरून गेलास, कुकी, जशी काही मी भिंतच!

मी रागावलेली नाही. थोडी आहे. बरं, पुष्कळ आहे.

पण गृहपाठाचा प्रोग्रॅम नेलास म्हणून नाही. आपल्यात भाच्याने मामाच्या घरातली वस्तू न विचारता उचलावी आणि मामाच्या माणसांनी हूं की चूं करू नये, हे काय आजचं आहे? चार वर्षांचा होतास तेव्हा आमचा कोंबडा काखेत मारून बोटीत जाऊन बसलास. आई ओरडत होती आणि बाबा पोट धरून हसत होते, ‘नेऊ दे गं, त्याचाच आहे.’ मी कॉयरच्या सरावाला गेले असताना माझ्या लॅपटॉपवरून अख्खा प्रोग्रॅम उचललास आणि वर सांगितलंस, ‘मामाच्या घरातलं घेतलं, चोरी कसली?’ तेव्हा मीही हसले. चुकलंच माझं. तिथेच कान उपटायला हवा होता.

आता नकलेची सगळी चौकशी एका ओळीवर आलीय. तुला सरांनी काय विचारलं ते मला कळलंय. ‘प्रत्येकाने आपल्या ओळखीचा किनारा घ्या, धक्क्यापासून सुव्यापर्यंत होडीची सर्वांत जवळची वाट काढणारा प्रोग्रॅम लिहा,’ एवढाच तर गृहपाठ. तू मामाचं गाव घेतलंस, मी माझं. नावं बदललीस, ओळींची फिरवाफिरव केलीस, शाबास. पण जी ओळ कळली नाही ती जागची हलवली नाहीस. वर्षभरात तेवढं मात्र छान शिकलास!

सर म्हणाले, ‘प्रवाळाच्या रांगेत धाकटी खिंड आहे, तिच्यातून वाट निम्मी होते. तुम्हां दोघांच्याही होड्या लांबून वळसा का घालतात?’ आणि तू म्हणालास, ‘तिथे खडक असेल, सर.’

खडक नाही तिथे.

मंगळवारी आत्या आली होती, हे तुला ठाऊक आहे की नाही मला माहीत नाही. नवी विणलेली चटई आणि यांगोनाच्या मुळ्यांची जुडी घेऊन आली. माझ्या खोलीत, फरशीवर, माझ्यासमोर खाली बसली. माझ्यासमोर! मी उठायला लागले तर म्हणाली, ‘बस. मी मागायला आलेय.’ मग जुडी पुढे सरकवली. ‘नकलेत सापडायची त्याची ही दुसरी वेळ आहे, उनाइसी. यावेळी ठरलं तर त्याला काढूनच टाकतील. तुझी पहिली आहे, तुझं फार तर एक वर्ष जाईल. तूच त्याच्याकडून घेतलंस असं सांग. ज्याने लिहिलं त्याला सोडतील.’

मी जुडीला हात लावला. हात लावला म्हणजे शब्द दिला, हे तुला सांगायला नको.

आत्या रडली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि शेवटच्या बसने गेली. तिने माझ्याकडे काय मागितलं हे तिचं तिलाच ठाऊक नाही. मी सांगितलं नाही. तुला सांगते.

पहिल्या आठवड्यात सरांनी फळ्यावर बेटं काढली होती, आठवतं? सुरुवातीला प्रत्येक ठिकाण आपल्यापासून अनंत अंतरावर आहे असं धरायचं. मग वाट सापडत जाते तसे आकडे खाली येतात. मी लिहायला बसले, धक्का घातला, मोठी खिंड घातली, सगळे आकडे खाली आले. धाकट्या खिंडीचा आकडा मी खाली येऊ दिला नाही. मुद्दाम नाही रे. हातानेच तसं लिहिलं. आमच्या गावचं पोर होडीत बसायला लागलं की पहिलं हेच शिकतं.

माझे बाबा तिथे बुडाले. सुव्याची बोट चुकेल म्हणून जवळच्या वाटेने गेले. होडी सापडली, ते सापडले नाहीत. त्या दिवसापासून आई म्हणाली, आमच्या घरचं कोणी तिथून जाणार नाही, आणि मग अख्खं गावच जाईनासं झालं. आत्याने तेव्हापासून गावात पाऊल ठेवलं नाही, तुमच्या घरात ती तो विषय काढू देत नाही. म्हणून तुला खडक वाटला.

उद्या दहाला मी सर आणि चौकशीला आलेले आणखी दोघे यांच्यासमोर बसणार. ते मला तेच विचारतील. मी तुझ्याकडून घेतलं असेल तर मला उत्तर एकच देता येईल, ‘त्या ओळीचं कारण मला माहीत नाही, सर.’

हे माझ्या तोंडून कसं निघेल, सांग. वर्ष जाऊ दे, परत बसेन. गावाकडे जाऊन मासे वाळवायला लागले तरी चालेल. पण माझे बाबा कुठे गेले हे मला माहीत नाही, असं मी तीन परक्या माणसांसमोर म्हणू? आणि म्हटलं नाही, तर आत्याला दिलेला शब्द मोडतो.

सर वाईट नाहीत. आपण होऊन खरं बोलणाऱ्याचं ते ऐकतात, असं वरच्या वर्गातले सांगतात. ऐकतीलच असं मी म्हणत नाही. तुला भीती वाटत असेल हे मला कळतं.

ती ओळ का आहे हे आता तुलाही माहीत झालं. उद्या तू सरांना हे सांगून प्रोग्रॅम तुझाच आहे असंही पटवून देऊ शकतोस. मामा तुझाही होता, कोणी शंका घेणार नाही. मी शब्द दिलाय, मी तोंड उघडणार नाही. हे कळत असूनही लिहिलं, कारण तू मला तसा वाटत नाहीस. चूक असेन तर असेन.

मामाच्या घरातलं सगळं तुझं, कुकी. कोंबडा नेलास, प्रोग्रॅम नेलास. त्या घरातलं हे एवढंच राहिलं होतं, तेही आज दिलं. आता घरात काही उरलं नाही, म्हणून पहिल्यांदाच मी तुझ्याकडे मागतेय. माझ्याकडे मुळ्या नाहीत, चटई नाही. दहाच्या आधी ये. सर विचारतील तेव्हा दारातून आत ये, आणि ती वाट कोणासाठी बंद ठेवलीय ते तू सांग. मामाचं नाव घेऊन सांग.

सालोते उत्तरासाठी थांबणार नाही. मी तिला सांगितलंय, थांबू नकोस.

तुझ्या मामाची, इलाइतियाची मुलगी,
उनाइसी