गच्चीवरचं खुराडं

प्रिय शहाता,

तन्ताला मुलीकडे येऊन मला पाच वर्षं झाली, पण नोव्हेंबर लागला की माझे पाय अजून अलेक्झांड्रियातल्या आपल्या इमारतीचे सहा मजले चढायला लागतात. इथे समुद्र नाही, खारा वारा नाही. बसल्याबसल्या घरातले चांगले नळ उघडून पुन्हा घट्ट करतो. जावई म्हणतो, “काका, बसा की निवांत, नळ काही पळून जात नाहीत.” त्याला काय सांगू!

तू दक्षिणेतल्या सोहागहून माझ्या हाताखाली कामाला आलास तो दिवस मला लख्ख आठवतो. दोन लेकरांचा बाप, ओठांवर जाड मिशी, हातात कागदात गुंडाळलेले ताअमियाचे वडे. कुणी न सांगता तू आधी जिन्याच्या दाराची करकर थांबवलीस, तीही स्वतःच्या भाजीतल्या तेलाने. महिनाभरात पाण्याच्या सगळ्या चाव्यांवर रंगाने आकडे घातलेस. मी वरवर कुरकुरलो, “रंग काय तुझ्या बापाचा?” आतून मात्र फार सुखावलो होतो रे. वाटलं, माणूस मिळाला.

आणि नंतरचा तू? निव्वळ सांगकाम्या! दिवा गेला तरी खाली येऊन विचारायचास, “उस्ता, बदलू का?” एकोणीस वर्षं मला तूच चहा पाजलास आणि रोज विचारलंस, “उस्ता, साखर किती?” तीन चमचे रे बाबा, कायमचे तीन! मी टोमणे मारले, “डोकं सोहागच्या गाडीत विसरलास का?” ईदला बक्षीस दिलं, गच्चीची किल्ली दिली, तासतासभर उपदेश केला. तुझं आपलं एकच, “हजर, उस्ता. तुम्ही सांगाल तसं.” मुकादमीतून निवृत्त झालो तरी दर नोव्हेंबरला मी इथून फोन करतो, “पन्हळी साफ कर, मकनसा येतेय.” उंटावरून शेळ्या हाकायच्या, दुसरं काय! पण तुझं डोकं गाडीत राहिलं नव्हतं, शहाता. ते कुठे राहिलं, मला पक्कं ठाऊक आहे.

तुझ्याकडे वाळवंटात असली वादळं कुठली? मीच तुला शिकवलं होतं, की मकनसा म्हणजे केरसुणी, समुद्रावरून येते आणि शहर झाडून काढते. कोळ्यांच्या हिशेबात सोळा नोव्हेंबर. तू ते आगगाडीच्या वेळेसारखं धरून बसलास. पहिल्याच वर्षी पंधराला, मी बाजारात गेलो असताना, आपले भाडेकरू कर्नल शौकत बेंचं कबुतरांचं खुराडं तू पन्हळीच्या तोंडावरून उचललंस आणि भिंतीकडे सरकवलंस. त्या हलवाहलवीत त्यांची लाडकी जोडी उडून गेली. सोळाला आभाळ निळंशार. कर्नल लाल. इमारतीच्या दरवाजात सगळे भाडेकरू जमले होते, तुझी बायकोही होती, आणि मी ओरडलो, “तुला कुणी विचारलं होतं? हात तुझे, डोकं माझं! ठेव खुराडं होतं तिथे!” तू ठेवलंस.

मकनसा चार दिवस उशिरा आली. गच्ची तुंबली, तेव्हा घोटाभर पाण्यातून निघून तू सहा मजले उतरलास आणि मला विचारलंस, “उस्ता, खुराडं हलवू का?” आपण वर पोचेपर्यंत मालकीणबाई हाज्जा इन्साफच्या खोलीचं छत गळत होतं आणि त्यांच्या लग्नातला गालिचा भिजला होता. त्यानंतर तू मला विचारल्यावाचून काही केलं नाहीस.

आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. हाज्जा गेल्यापासून इमारत त्यांचा मुलगा तारिक बघतो. परवा त्याचा फोन आला. नवा मुकादम नेमायचाय, बाहेरचा. मी म्हटलं, शहाता आहे की. तो म्हणाला, “आई नेहमी सांगायची, शहाता कष्टाळू आहे, पण त्याच्या भरवशावर गच्ची सोडू नका. एकदा त्याने खुराडं पन्हळीवर ठेवून घर बुडवलं.” शहाता, हे हाज्जाला मी सांगितलं होतं. ते खुराडं पन्हळीवर आहे हे मला दोन वर्षं दिसत होतं. कर्नलला बोलायची माझी छाती नव्हती. तू केलंस, तेच बरोबर होतं. मी तारिकला सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, हे सगळ्यांसमोर सांगाल? म्हणून शुक्रवारी नमाजानंतर मी येतोय. जिथे ओरडलो होतो त्याच दरवाजात, सगळ्या भाडेकरूंसमोर, तुझ्या बायकोसमोर तुझी माफी मागणार आहे. मुकादमी तुला मिळेल की नाही, ते तारिकच्या हातात. या वर्षी पन्हळींसाठी मात्र माझा फोन येणार नाही. चहा टाकून ठेव. साखर विचारू नकोस.

तुझाच, इतकी वर्षं तुझं डोकं दाबून बसलेला,
उस्ता मेतवल्ली